मिठाचा बर्फ

मी स्वभावाने भित्री नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मी जवळजवळ सगळा वेळ घाबरलेलीच दिसेन. घाटकोपरला आमच्या चाळीत माझ्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. नर्सिंग शिकताना मेट्रनबाईंनी माझ्याकडून दोनदा लिहून घेतलं होतं की यापुढे उलट उत्तर देणार नाही. दोन्ही वेळा मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं आणि महिन्याभरात पुन्हा उत्तर दिलं. राग माझ्या नाकावरच असायचा. खरी भीती मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळली, तीही भर दुपारी, पंख्याखाली, एका बाकावर बसल्या बसल्या.

पण त्याआधीचं सांगायला हवं.

ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. वडिलांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती. ते दिवसभर गॅलरीत बसून खाली बघत असायचे आणि घर माझ्या नोकरीवर चालायचं. नोकरी होती माहुलच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात. केंद्र कसलं, दोन खोल्या. एका अंगाला तेलाच्या कारखान्यांच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला खाडीचा चिखल आणि त्याच्या काठाकाठाने कोळीवाडा. कागदावर तिथे एक डॉक्टर, दोन नर्सा, एक शिपाई आणि एक आया होती. प्रत्यक्षात डॉक्टर दोन केंद्रांत वाटलेले, आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस यायचे. दुसऱ्या नर्सची जागा मी लागल्यापासून रिकामी होती. शिपाई निवृत्त झाला तो झालाच, आणि आया कधी नेमलीच गेली नाही. त्यामुळे काचेच्या सिरिंजा उकळायच्या मी, सुयांना दगडावर धार लावायची मी, टोचायचं मी, रजिस्टर लिहायचं मी आणि संध्याकाळी केर काढून कुलूप लावायचं तेही मीच.

लसीकरणाचं शिक्षण मला मिळालं आठ दिवसांचं. त्यातले दोन दिवस भाषणात गेले. पोलिओच्या डोसाची बाटली हातात धरून एका साहेबांनी सांगितलं होतं, "ही लोण्यासारखी असते असं समजा. ऊन लागलं की संपली. गार ठेवा, गार ठेवा, गार ठेवा." मी वहीत तीनदा 'गार' लिहिलं आणि खाली रेघ ओढली. लस जास्त गार झाली तर काय होतं, हे कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. कदाचित सांगितलंही असेल. दुपारची जेवणं झाल्यावर आमच्यातल्या निम्म्या जणी पेंगत असायच्या, त्यात मीही होते.

कोळीवाडा मला सहा महिने उभं करत नव्हता. कधीकाळी कुणीतरी टोचलेल्या एका मुलाच्या मांडीला गळू झालं होतं, ते आठ दिवस वाहत होतं आणि त्याची गोष्ट घरोघरी ताजी होती. मी गल्लीत शिरले की दारं लोटली जायची. मी दारं ठोठावायची, ओरडायची, "पोरं मेल्यावर उघडणार का?" असंही एकदा बोलून गेले. त्यावर आतून एक बाई इतकं काही बोलली की मलाही गप्प बसावं लागलं.

मावशी, कोळीवाड्यातली एक मासळीवाली, माझ्याकडे पहिल्यांदा आली ती शिंगाळा माशाचा काटा हातात मोडून. पन्नाशीची, काटक, नाकात मोठी नथनी, हात कोपरापर्यंत खवल्यांनी चकाकणारे. दोन दिवस तो काटा घेऊन ती बाजारात बसली होती. हात सुजून टम्म झालेला. काटा काढताना मी तिला भरपूर झापलं, "हात तुटून पडला असता म्हणजे काय माशांना शिव्या देणार होतीस?" असं. ती कळवळत होती आणि हसतही होती. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाली, "तू तर आमचे बायांसारखी भांडतंस गो. मना वाटलं सरकारी बाई म्हंजे मऊ असंल." त्या दिवसापासून ती माझी झाली. पुढच्या आठवड्यात तिने कोळीवाड्यातल्या देवळाच्या ओट्यावर बायकांना जमवलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पहिली सुई माझे नातीला. तिला काय झालं तर या बाईला मीच खाडीत बुडवीन."

नात वर्षाची होती. गुबगुबीत, गालावर काजळाची तीट, हातात सुका बोंबील धरून चघळणारी. मुलगा बोटीवर, सून घरी. सून अबोल होती. मावशीच्या शब्दाबाहेर नव्हती, पण मुलीला माझ्या पुढ्यात धरताना तिने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं ते मला आठवतं.

नेमका त्याच महिन्यात आमच्या केंद्राचा फ्रिज बंद पडला. मी अर्ज केला. उत्तर आलं की मेकॅनिक संपूर्ण विभागाला एकच आहे, नंबर लागेल तेव्हा येईल. तोवर बुधवारी सकाळी मी चेंबूरकडच्या मोठ्या केंद्रातून लशीचा डबा घेऊन दोन बस बदलून यायची. डब्याला चारही बाजूंनी बर्फाच्या चपट्या बाटल्या असत. पहिल्याच बुधवारी बस अर्धा तास अडकली आणि कोळीवाड्यात पोचून झाकण उघडलं तर बाटल्यांत नुसतं पाणी खळखळत होतं. ओट्यावर पंचवीस-तीस बायका मुलांना कडेवर घेऊन उभ्या. सहा महिन्यांनी एकदाचं दार उघडलं होतं आणि मी त्यांना परत जा म्हणणार होते. वैतागून मी डबा खाली आपटला. मावशीने विचारलं काय झालं. मी म्हटलं, बर्फ गेला, आता वाट लागली.

"बर्फ?" ती म्हणाली. "आमचेकडं बर्फाला काय कमी हाय? इकडं दे."

डबा घेऊन ती धक्क्यावर गेली. मीही तिच्या मागोमाग. तिच्या लाकडी पेटीत लादी फोडून ठेवलेली होती. तिने भराभर चुरा करून डब्यात भरला, मधे लशीच्या बाटल्यांसाठी जागा केली, आणि मग कोपऱ्यातल्या गोणीतून जाडं मीठ मूठ मूठ घेऊन त्या बर्फावर पेरलं. लांबच्या बाजाराला जाणाऱ्या पापलेटांना तिच्या सासूच्या काळापासून असाच बर्फ घालत होते. मिठाने बर्फ आणखी गार, कडक होतो, मासळी संध्याकाळपर्यंत ताठ राहते. तिला जी चांगल्यात चांगली युक्ती माहीत होती ती तिने माझ्या लशीसाठी वापरली. मी तिच्या पाठीवर थाप मारली.

पोलिओचे डोस आधी पाजले, ते होईपर्यंत दीड तास गेला. मग त्रिगुणी लशीची, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची बाटली बाहेर काढली. ती पांढरीफटक, दगडासारखी झाली होती. हलवली तर आत काही हलेना. मला मौज वाटली. मी ती मुठीत धरली, दुसरी बाटली मावशीला दाखवत म्हटलं, "बघ, तुझ्या पापलेटासारखी ताठ झाली." ती हसली. मी दोन्ही मुठी मांडीवर दाबून गप्पा मारत बसले. पाच-सात मिनिटांत लस वितळली. आत दह्याच्या चोथ्यासारखे बारीक कण दिसत होते. मी जोरात हलवली, सिरिंजमध्ये भरली आणि मावशीच्या नातीच्या मांडीत सुई घातली.

नात दोन मिनिटं रडली. ताप आला नाही, मांडी सुजली नाही. ही तर जादूच झाली असं बायकांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. पुढच्या महिन्यात मिठाचा बर्फ, त्याच्या पुढच्या महिन्यात मिठाचा बर्फ. तीन महिने, तीन डोस, एकतीस मुलं. प्रत्येकाच्या कार्डावर मी लाल शाईने 'पूर्ण' लिहिलं आणि सही ठोकली. फ्रिज चौथ्या महिन्यात दुरुस्त झाला. डॉक्टरांनी बैठकीत माझं कौतुक केलं. मीही मान ताठ करून ऐकून घेतलं.

आठ महिने गेले. लसीकरणाची मोठी योजना येणार होती म्हणून आम्हाला पुन्हा शिक्षणाला बोलावलं. शिकवायला एक किडकिडीत डॉक्टरीणबाई होत्या, आवाज बारीक, पण वर्गात कुणाची पेंगायची हिंमत नव्हती. त्यांनी टेबलावर त्रिगुणी लशीच्या दोन बाटल्या ठेवल्या. म्हणाल्या, "एक मी कालपासून बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती, आज वितळवली. दुसरी नीट ठेवलेली आहे. आता बघा." दोन्ही बाटल्या त्यांनी एकदम हलवल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. आम्ही बघत राहिलो. एक दुधासारखी एकसारखी पांढरी राहिली. दुसरीत कण हळूहळू खाली बसायला लागले. तळाशी चोथा जमला, वर स्वच्छ पाणी.

"ही मेलेली लस," त्या म्हणाल्या. "पोलिओ गोठला तरी चालतो. ही एकदा गोठली की संपली. टोचलीत तर मुलाला ताप येत नाही, त्रास होत नाही, आणि उपयोगही काही होत नाही. आईला वाटतं बाळ सुरक्षित झालं. सर्वांत धोकादायक तेच."

पंखा फिरत होता आणि माझी पाठ घामाने भिजत होती. तो चोथा मी ओळखत होते. तीन महिने तो मी जोरजोरात हलवून मिसळला होता. शेजारची नर्स म्हणाली, "काय गं, बरं नाही का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. बाईंनी विचारलं, कुणाला काही शंका? ज्या तोंडाने मेट्रनला उलट उत्तरं दिली ते तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेल्यावर दार आतून लावून घेतलं आणि रजिस्टर काढलं. एकतीस नावं, समोर तीन तीन तारखा, लाल शाईत 'पूर्ण'. मी एकेक नाव वाचत गेले आणि प्रत्येक नावाला एक चेहरा होता. कुणाच्या नाकाला कायम शेंबूड, कुणी माझं घड्याळ ओढणारं, कुणी सुई दिसली की आईच्या ओच्यात शिरणारं. या सगळ्यांच्या अंगात मी पाणी टोचलं होतं.

सांगायला हवं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून मुलांना पुन्हा बोलवायला हवं होतं. ते मला तेव्हाही कळत होतं. पण मनात एकामागून एक येत राहिलं. नोकरी गेली तर? वडील गॅलरीतून खाली बघताहेत, धाकट्या बहिणीचं कॉलेज चाललंय. आणि कोळीवाडा? ज्या बायकांनी सहा महिने दार उघडलं नव्हतं त्यांना सांगायचं की तीन वेळा पोर रडवलं ते फुकट, आता पुन्हा तीन वेळा रडवा? त्या मला दारात उभं करणार नाहीत आणि मुलं तशीच राहतील. मग मी एक लबाडी रचली. नवीन योजनेत जादा डोस आले आहेत असं सांगून गुपचूप सगळ्यांना परत टोचून टाकायचं. पण जादा लस मागायची तर कारण लिहावं लागणार. पुढच्या बुधवारी बघू, म्हटलं. तो बुधवार गेला. त्याच्या पुढचाही गेला.

ते अठरा दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. केंद्रात कुणी मूल खोकलं की मी हातातलं काम सोडून वळून बघायची. मी कोळीवाड्यात कारण नसताना जायची आणि मुलांच्या माना बघायची, सुजल्यात का. मूल ओरडताना आवाज घोगरा वाटला की तोंड उघडायला लावायची. बायका हसायच्या, "बाई आज लय लाड करते." जेवण जाईना. एकदा वडील त्यांच्या मालवणीत म्हणाले, "तोंड पाडून कित्याक बसलंस गो? कोण काय बोललो काय?" मी म्हटलं काही नाही, बाबा. त्यांनी पुन्हा खाली बघायला सुरुवात केली.

सतराव्या दिवशी डॉक्टर आले ते सांगतच आले. रस्त्यापलीकडच्या झोपड्यांत एक चार वर्षांची मुलगी घटसर्पाने गेली होती. तिला एकही लस झालेली नव्हती. "आपल्या कोळीवाड्याचं बरं आहे, सिस्टर," ते म्हणाले. "तुम्ही सगळे डोस पुरे केलेत." मी हो म्हटलं.

अठराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मावशी आली. बाजार आटोपून आली होती, माझ्यासाठी केळीच्या पानात बोंबील बांधून आणले होते. बाकावर बसली, पदराने मान पुसली आणि सहज बोलावं तसं बोलली, "नातीला दोन दिस ताप हाय. गिळत नाय, लाळ गाळते नुसती. सून कालधरनं मागं लागली, मोठे हॉस्पिटलात नेऊया, पलीकडची पोर गेली म्हणून घाबरलीय. मी सांगितलं तिला, कनाला घाबरतंस? आमचे पोरीला तिन्ही सुया झाल्यात. कार्डावर बाईची सही हाय. तिला तो रोग शिवणार नाय."

पान तसंच टाकून, टॉर्च आणि चमचा घेऊन मी उघड्या केंद्रातून पळत सुटले. मावशी मागून, "अगो काय झालं? अगो थांब," करत होती.

सून दारातच मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीची मान जबड्याखाली दोन्हीकडून फुगली होती. श्वास घेताना बारीक घरघर येत होती. मी चमच्याच्या दांड्याने जीभ दाबली आणि टॉर्च मारला. घशाच्या दोन्ही बाजूंना राखाडी-पांढरा पापुद्रा होता. तोंडाला एक वास होता, तो मी ट्रेनिंगमध्ये एकदाच घेतला होता आणि विसरले नव्हते.

"हॉस्पिटलात न्यायची. आत्ताच्या आत्ता," मी म्हटलं.

"पण सुया..." मावशी म्हणाली.

"सुया झालेल्या नाहीत, मावशी. ती लस मेलेली होती. बर्फात गोठून मेली. तिन्ही वेळा."

सून मुलीला पदरात गुंडाळायला लागली. मावशीला कळायला वेळ लागला. ती कमरेवर हात ठेवून उभी होती, ते हात हळूहळू खाली आले.

"बर्फात मेली?" ती म्हणाली. "म्हंजे माझे मिठानं?"

मी हो म्हटलं.

एवढंच म्हटलं. गोठलेली बाटली मी मुठीत धरून वितळवली, चोथा दिसत असताना टोचली, आणि अठरा दिवस सगळं माहीत असूनही गप्प बसले, यातलं काही बोलले नाही. वेळ नव्हता असं मी नंतर स्वतःला सांगत आले. दोन वाक्यांना किती वेळ लागतो?

धक्क्यावर मासळीचा एक टेम्पो रिकामा उभा होता. मावशीने ड्रायव्हरच्या अंगावर ओरडून त्याला उठवलं. मागे ओल्या फळ्यांवर आम्ही तिघी बसलो. मुलगी सुनेच्या छातीशी. मी मुलीच्या छातीच्या खळग्याकडे बघत होते. प्रत्येक श्वासाला तो आत ओढला जात होता. दोन श्वासांच्या मधे थोडं जास्त अंतर पडलं की मी माझा श्वास रोखायची. गाडी रेल्वेच्या फाटकाजवळ थांबली तेव्हा मी मनात देवाशी सौदे करायला लागले. नोकरी घे, म्हटलं. सगळ्यांना सगळं सांगते, म्हटलं. मावशी माझ्या समोर बसली होती आणि आपल्या उजव्या हाताचा तळवा उघडून त्याच्याकडे बघत होती.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने घशात एकदा बघितलं आणि धावाधाव सुरू केली. सुनेने कार्ड पुढे केलं. तो म्हणाला, "तीन डोस पुरे झालेत? मग हे कसं..." मी म्हटलं, "ते झालेले धरू नका. लस खराब होती." त्याने माझ्या पांढऱ्या साडीकडे बघितलं. घटसर्पाच्या विषावरचं इंजेक्शन दिलं. आम्हाला बाहेर काढलं.

पाच दिवस काही सांगता येत नाही असंच सांगत होते. रोज ड्युटी संपली की मी जायची आणि वॉर्डच्या दारापाशीच थांबायची. काच होती, त्यातून खाट दिसायची. खाटेवर ती आहे हे दिसेपर्यंत मी काचेला हात लावून उभी राहायची. सहाव्या दिवशी पापुद्रा सुटला. पुढे तीन आठवड्यांनी दूध पाजलं की ते तिच्या नाकातून बाहेर यायला लागलं. टाळू लुळी पडली होती. तेव्हा मी पुन्हा घाबरले, कारण रोग हृदयावरही जातो हे मला माहीत होतं आणि मावशीला, सुनेला माहीत नव्हतं. हृदयावर गेला नाही. मुलगी जगली. फक्त कित्येक महिने नाकातून बोलायची.

मी आमच्या केंद्राच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहून मागितलं. मी लिहिलं, 'फ्रिज नादुरुस्त असल्याने स्थानिक बर्फ वापरला, त्यात मीठ पडल्याने लस गोठली.' मीठ पडल्याने. कुणी टाकलं, गोठलेली कुणी बघितली, काही नाही. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं, सिस्टर. एका माणसावर पाच माणसांचं काम टाकल्यावर असंच व्हायचं." मला समज मिळाली, नोकरी राहिली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच तर त्याच्या आड लपायला सोपं गेलं.

उरलेल्या तीस मुलांना परत टोचायचं होतं. बायका येतील की नाही या भीतीने मी ओट्यावर जायचंच टाळत होते. मावशीच दारोदार गेली. मी सामानाचा ट्रे घेऊन तिच्या मागे. प्रत्येक दारात तिचं एकच, "माझे मिठानं लस मेली. बाईचा काय दोष नाय. पोरांना आणा परत." पहिल्या दारात मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिने माझा हात इतका जोरात दाबला की मी गप्प झाले. दुसऱ्या दारात मी आपणहून गप्प होते. बायका तिला काय वाटेल ते बोलल्या. एकीने तिच्याकडून मासळी घेणार नाही म्हणून सांगितलं. पण पुढच्या बुधवारी अठ्ठावीस मुलं आली, आणि उरलेली दोन तिने पुढच्या महिन्यात ओढून आणली.

सुनेने मात्र मुलीला परत कधी मावशीच्या मांडीवर दिलं नाही. भांडण नाही, शब्द नाही. मुलगी नाकातून "आजी" म्हणत तिच्याकडे धावायची आणि सून तिला उचलून आत न्यायची. मावशी उंबऱ्यावर बसून जाळं नीट करत असायची, हात तेवढा थांबायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, एकदा नाही, दर बुधवारी.

एकदा मला ते सोसवेना. धक्क्यावर तिला गाठून म्हटलं, "मावशी, मी सांगते सुनेला. मीठ तू टाकलंस, पण बाटली मी..."

"तू मुठीत धरली व्हतीस," ती म्हणाली. "मी तिथंच व्हते ना गो. दोनी मुठी मांडीवर दाबून बसलेलीस." पेटीतला बर्फ सारखा करत ती पुढे बोलली, "सांगू नको. तुझेवरचा इस्वास गेला तर आमची पोरं कोणाकडं नेऊ? माझेकडनं काय कोण टोचून घेत नाय."

ती बरोबर बोलत होती की मला तसं वाटणं सोयीचं होतं, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. मी ऐकलं तिचं. पटकन ऐकलं.

दोन वर्षांनी माझी बदली मुलुंडला झाली. शेवटच्या दिवशी मनाशी पक्कं ठरवून मी मावशीच्या घरी गेले. मावशी बाजारात होती, ते मला माहीत होतं. सून दारात होती आणि मुलगी तिच्यामागून डोकावत होती, आता आवाज साफ झालेला. सुनेने मला पाट दिला, पाणी दिलं. मुलीचं कार्ड काढून दाखवलं. पिशवीत घालून जपून ठेवलं होतं. जुने तीन डोस मीच काट मारून खोडले होते, खाली नवे तीन, आणि पुन्हा माझी सही. मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, "पाचव्या वर्षाचा डोस चुकवू नका."

"नाय चुकवणार, बाई," ती म्हणाली. "तुमच्यामुळं तर वाचली पोर."

मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि बसस्टॉपकडे निघाले.